वेदर रेडिओवर यंत्र का बोलतं, आणि ते चुकतं कुठे

प्रश्न असा आहे. डॅलसजवळ राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने टोर्नाडोच्या धास्तीने घरात वेदर रेडिओ, म्हणजे फक्त हवामानाचे अंदाज आणि इशारे ऐकवणारा रेडिओ, आणून ठेवला. त्यावर रात्रंदिवस यंत्राचा आवाज बोलत असतो. गावांची नावं मधूनच भलतीच उच्चारतो, आकडे कानातून निसटतात, कधी बोलता बोलता तुटतो. जिवाशी गाठ असलेल्या या कामाला माणूस का बसवत नाहीत, आणि या आवाजावर भरवसा ठेवायचा का, हे त्यांना विचारायचं आहे.

भरवसा ठेवा. मात्र तो आवाज कुठे आणि कशामुळे चुकतो हे माहीत असलं, की ऐकताना कशाकडे लक्ष द्यायचं तेही कळतं. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ज्याला आपण आवाजाची चूक म्हणतो ती बहुतेक वेळा मजकुराची चूक असते. यंत्र समोर आलेलं वाचतं. समोर काय ठेवायचं ते माणसं ठरवतात आणि खरी मेहनत तिथेच आहे.

आधी यंत्रणा काय आहे ते पाहू. नोआ वेदर रेडिओ हे अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचं जाळं आहे. १,००० हून जास्त ट्रान्समीटर आणि १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात २५-२५ किलोहर्ट्झच्या अंतराने सात वारंवारता. देशभरात १२२ अंदाज कार्यालयं आहेत आणि प्रत्येकाकडे अनेक ट्रान्समीटर असतात. डॅलसचा भाग फोर्ट वर्थ कार्यालयाकडे येतो. या एका कार्यालयाच्या अखत्यारीत ४६ काउंटी आहेत. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग.

हा ४६ चा आकडा लक्षात ठेवा, कारण माणूस का नाही याचं उत्तर त्यातच आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत माणूसच बोलत असे. कार्यालयातला हवामानतज्ज्ञ मजकूर हातात घेऊन मायक्रोफोनसमोर बसायचा, टेपवर वाचायचा आणि ती टेप फिरत राहायची. शांत दिवशी हे ठीक चालतं. मे महिन्यातल्या एखाद्या संध्याकाळी एकाच वेळी चार वादळं चार काउंट्यांत शिरली, की तोच माणूस रडार बघणार, इशारा लिहिणार आणि वाचायलाही बसणार. वाचताना चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. तोवर दुसऱ्या वादळाची दिशा बदललेली असते. टोर्नाडोच्या इशाऱ्याची मुदत मिनिटांत मोजतात. त्यातली दोन-तीन मिनिटं ध्वनिमुद्रणात गेली, तर तेवढा वेळ तळघरात उतरणाऱ्या माणसाच्या हातातून जातो.

त्यातच जाळं वाढवायची गरज उभी राहिली. २७ मार्च १९९४ रोजी, पाम संडेच्या दिवशी, अलाबामातल्या गोशेन इथल्या चर्चवर प्रार्थना चालू असताना टोर्नाडो कोसळला आणि २० माणसं गेली. इशारा दहाएक मिनिटं आधी निघाला होता, पण त्या भागात वेदर रेडिओ पोहोचतच नव्हता. तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी त्यानंतर जाळं वाढवण्याचा आग्रह धरला. ट्रान्समीटर वाढवता येतात, बोलणारी माणसं त्या प्रमाणात वाढवता येत नाहीत. म्हणून १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कार्यालयांमधले टेपचे जुने कन्सोल काढून सीआरएस नावाची संगणकीय यंत्रणा बसवली आणि तिच्याबरोबर यंत्राचा आवाज आला.

तो पहिला आवाज म्हणजे 'पॉल'. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९८४ मध्ये आणलेल्या डेकटॉक या यंत्रणेतला. त्यामागे एमआयटीतले डेनिस क्लॅट यांचं काम होतं आणि त्या आवाजाचा नमुनाही त्यांचा स्वतःचाच होता. यात ध्वनिमुद्रण नसतंच. तंबोरा डोळ्यांसमोर आणा: तार छेडली की कंप तयार होतो आणि भोपळा त्याला रंग देतो. इथे स्वरयंत्राची तार म्हणजे गणिताने तयार केलेली स्पंदनं, आणि घशा-तोंडाचा भोपळा म्हणजे काही गाळण्या. दर काही मिलिसेकंदांनी त्या गाळण्यांच्या जागा बदलायच्या, की 'आ'चा 'ई' होतो. फायदा असा, की कधीही न ऐकलेला शब्दही हा आवाज न अडखळता बोलतो आणि त्याला स्मृती फार लागत नाही. तोटा म्हणजे स्वर लाकडासारखा. लोकांना तो परदेशी वळणाचा वाटायचा आणि तक्रारी भरपूर आल्या.

२००२ मध्ये 'क्रेग' आणि 'डॉना' आले, पाठोपाठ 'टॉम'. यांची पद्धत वेगळी. खऱ्या माणसाकडून तासन् तास वाचून घ्यायचं, त्याचे बारीक तुकडे करायचे आणि हवा तो शब्द त्या तुकड्यांतून शिवायचा. गोधडीच म्हणा. तुकडे जुळणारे मिळाले तर टाका दिसत नाही. 'पार्टली क्लाउडी' हे शब्द रोजचे, तिथे आवाज अगदी माणसाचा वाटतो. अनोळखी गावाचं नाव आलं, की दूरदूरचे तुकडे जोडावे लागतात आणि स्वर मध्येच उडी मारतो. तुम्हाला ऐकू येणारा तो विचित्र हेलकावा बहुधा हाच. २०१६ च्या सुमारास सीआरएसच्या जागी बीएमएच ही यंत्रणा आली. तिच्याबरोबर इंग्रजीसाठी नवा आवाज आला. त्याचंही नाव पॉलच, पण जुन्या पॉलशी त्याचं काही नातं नाही. स्पॅनिशसाठी 'व्हायोलेटा' आली. माणसाला मज्जाव मात्र झालेला नाही. प्रसंग तसाच असेल तर कार्यालयातला माणूस आजही थेट मायक्रोफोनवर येऊ शकतो.

आता आवाजाआधी काय घडतं ते जवळून पाहू, कारण ते बहुतेकांना नुसता खरखराट वाटतं. समजा २५ मे रोजी संध्याकाळी साडेसहाला डॅलस आणि कॉलिन काउंटीसाठी टोर्नाडोचा इशारा निघाला. सर्वात आधी सेम नावाचा सांकेतिक मथळा जातो. सेकंदाला ५२०.८३ बिट, म्हणजे एका बिटाला १.९२ मिलिसेकंद. '१' साठी २,०८३.३ हर्ट्झच्या नेमक्या ४ लहरी आणि '०' साठी १,५६२.५ हर्ट्झच्या ३. सुरुवातीला रेडिओला ठेका पकडता यावा म्हणून एकच अक्षर १६ वेळा जातं. मग 'झेडसीझेडसी', पाठवणाऱ्याची खूण, टोर्नाडो इशाऱ्याची 'टीओआर' ही खूण, काउंटीचे आकडे ०४८११३ आणि ०४८०८५, मुदत ००४५ म्हणजे ४५ मिनिटं, नंतर १४५२३३० आणि शेवटी फोर्ट वर्थ कार्यालयाचं नाव. १४५ म्हणजे वर्षाचा १४५ वा दिवस. २३३० ही जागतिक वेळ, डॅलसच्या उन्हाळी घड्याळापेक्षा पाच तास पुढची. काउंटीच्या आकड्यात पहिलं शून्य म्हणजे 'पूर्ण काउंटी', पुढचे ४८ म्हणजे टेक्सास आणि ११३ म्हणजे डॅलस.

हे सगळं मिळून ६५ अक्षरं, ५२० बिट, बरोबर एक सेकंद. हाच मथळा तीन वेळा जातो, मध्ये एकेक सेकंद शांतता. तीन वेळा यासाठी, की विजेच्या कडकडाटाने एखादा बिघडला तर रेडिओने उरलेले दोन ताडून पाहावेत. मग १,०५० हर्ट्झचा सलग सूर ८ ते १० सेकंद. म्हणजे पहिला शब्द कानावर पडतो तेव्हा सुमारे १५-१६ सेकंद उलटलेले असतात. हा वेळ वाया जात नाही. झोपलेल्या माणसाला जागं व्हायला, दिवा लावायला तो लागतो. संदेश संपला की 'एनएनएनएन' ही खूण पुन्हा तीन वेळा वाजते. एवढं लक्षात असलं, की खरखर ऐकून 'रेडिओ बिघडला' म्हणून कोणी तो बंद करणार नाही.

आता मजकूर. इथे जरा थांबणार आहे.

हवामान सेवेचा मूळ इशारा वाचण्यासाठी असतो, ऐकण्यासाठी नव्हे. वरच्या ओळीत काउंटीचे संकेत आणि संपायची वेळ, खाली घटनेचा क्रमांक सांगणारी तिरक्या रेघांची ओळ, शेवटी इशाऱ्याच्या क्षेत्राचे अक्षांश-रेखांश, वादळाची दिशा-वेग दाखवणारे आकडे आणि डॉलरची दोन चिन्हं. यातलं एक जरी आवाजापर्यंत पोहोचलं, तर यंत्र 'तीन दोन नऊ सहा, नऊ सहा सात शून्य' असं अर्धा मिनिट वाचत बसेल. म्हणून कार्यालयात एक वेगळा प्रोग्रॅम इशारा सोलून बोलण्याजोगा मजकूर काढतो. कधीमधी हवामान सांगता सांगता आवाज अर्थहीन आकडे बोलू लागला, तर या सोलण्यात कुठलीतरी ओळ नेहमीपेक्षा वेगळी लिहिली गेली आहे असं समजायचं. माणसाने हाताने केलेली घाईची दुरुस्ती हे त्याचं सर्वात नेहमीचं कारण.

दुसरी अडचण टेलिप्रिंटरच्या काळापासून चालत आली. २०१६ पर्यंत सगळे मजकूर मोठ्या अक्षरांत निघत आणि स्वल्पविरामाच्या जागी तीन टिंबं असत. सगळंच मोठ्या अक्षरांत असलं, की 'सॅट' म्हणजे सॅटर्डे की 'बसला' या अर्थाचा शब्द, हे यंत्राला कळायला खूणच उरत नाही. मे २०१६ पासून साधं लहान-मोठ्या अक्षरांचं लेखन हळूहळू सुरू झालं, पण जुन्या साच्यांतली वाक्यं अजून रेंगाळतात.

संक्षेप तर पावलोपावली अडवतात. इंग्रजीत 'एफटी' ही दोन अक्षरं फोर्टसाठीही येतात आणि फुटांसाठीही. कोणीतरी 'एफटी दिसलं की फोर्ट म्हण' असा नियम लिहिला, तर फोर्ट वर्थ नीट होतं आणि तलावातल्या लाटा 'तीन फोर्ट' उंच होतात. नियम उलटा लिहिला तर शहराचं नाव 'फीट वर्थ' होतं. उपाय क्रमाचा आहे: आधी लांब नियम, मग आखूड. 'एफटी वर्थ' ही पूर्ण जोडी आधी बदलून घ्यायची, त्यानंतर सुट्या 'एफटी'ला फुटांकडे वळवायचं. 'एसटी' म्हणजे सेंट की स्ट्रीट, तेही असंच: नावाच्या आधी आला तर सेंट, नंतर आला तर स्ट्रीट. टेक्सासात रस्त्यांच्या नावात 'एफएम' येतं, त्याचा अर्थ फार्म टू मार्केट. आवाजाने नुसतं 'एफएम' म्हटलं तरी चालतं, कारण तिथली माणसंही तसंच म्हणतात. सगळं पूर्ण उलगडून सांगणं म्हणजे चांगलं, असं नसतं. ऐकणारा जे नाव रोज वापरतो तेच कानावर पडायला हवं.

मग एकच स्पेलिंग आणि दोन उच्चार असलेले शब्द. हवामानात सगळ्यात त्रासदायक शब्द आहे 'विंड'. वारा असेल तर विंड, क्रियापद असेल तर वाइंड. 'वादळ ओसरेल' या अर्थी कोणी वाइंड डाउन लिहिलं, की आवाज तिथे वारा वाहवतो. असा शब्द उच्चारकोशात, म्हणजे कुठला शब्द कसा म्हणायचा याच्या यंत्राच्या यादीत, टाकून सुटत नाही, कारण दोन्ही उच्चार बरोबर आहेत. तो लिहायचाच नाही. साच्यात त्याच्या जागी 'कमी होईल' असा सरळ शब्द ठेवायचा. चांगली कार्यालयं हेच करतात.

उच्चारकोश लागतो तो नावांसाठी. टेक्सासातलीच नावं घ्या. सॅन अँटोनिओची काउंटी लिहितात 'बेक्सार' असं, म्हणतात 'बेअर'. 'मेक्सिया' लिहिलेलं गाव 'महेया' आहे. पॅलेस्टाइन लिहिलेलं 'पॅलस्टीन'. यातलं कुठलंही नाव स्पेलिंगवरून कळत नाही, त्यामुळे प्रत्येकाची नोंद हाताने करावी लागते. नोंद दोन तऱ्हेने करतात. एक, त्या नावाऐवजी तसाच ऐकू येणारा शब्द लिहायचा. 'बेक्सार'च्या जागी अस्वलाचा 'बेअर' छान चालतो. दुसरी, ध्वनिचिन्हांत उच्चार लिहून आघात कुठल्या अक्षरावर ते दाखवायचं. पहिली झटपट होते, पण आवाज बदलला की मोडते, कारण नवा आवाज तोच पर्यायी शब्द वेगळा म्हणू शकतो. २०१६ सारखी यंत्रणा बदलली, की कोश पुन्हा ऐकून तपासावा लागतो तो यामुळे. दुसरीला मेहनत जास्त, पण टिकते.

कोश कार्यालयागणिक वेगळा का लागतो, याला एक उदाहरण पुरे. साउथ कॅरोलायनातलं 'ब्यूफर्ट' आणि नॉर्थ कॅरोलायनातलं 'बोफर्ट' यांचं स्पेलिंग हुबेहूब एक आहे. देशभराला एकच कोश ठेवला तर दोघांपैकी एक गाव कायम चुकणार. चुकीचं नाव ऐकून हसू येतं, इतपत असतं तर प्रश्न नव्हता. आपल्या गावाचं नाव ओळखू आलं नाही तर 'हा इशारा आपला नाही' असं वाटून माणूस जागचा हलत नाही. नावांवर एवढा जीव टाकायचा तो त्यासाठी.

नवा आवाज किंवा नवा कोश तपासायची पद्धत साधी आहे, पण चुकवू नये. आपल्या हद्दीतल्या सगळ्या काउंट्या, गावं, नद्या, तलाव, उद्यानं, हमरस्ते यांची यादी करायची आणि प्रत्येक नाव सुटं न बोलवता खऱ्या इशाऱ्याच्या वाक्यात बसवून बोलवायचं. मग त्याच भागात वाढलेल्या माणसाला, मजकूर न दाखवता, जे ऐकू आलं ते लिहायला सांगायचं. हेडफोनवर नाही, लहानशा रेडिओच्या स्पीकरवर, शेजारी पंखा किंवा नळ चालू ठेवून. लिहिलेल्या कागदावर चार गोष्टी आधी पाहायच्या: ठिकाण, वेळ, दिशा, आकडा. या चारांत एकही चूक चालणार नाही. विशेषणं गेली तरी बिघडत नाही.

आकड्यांत सगळ्यात जास्त दगा 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' देतात. रेडिओच्या अरुंद पट्ट्यात शेवटचा 'न' विरून जातो आणि ताशी १५ मैलांचं वादळ ५० चं ऐकू येतं. म्हणून वेग आला की पुढे 'अमुक वाजेपर्यंत अमुक गावाजवळ' हे आलं पाहिजे; वेग निसटला तरी वेळ आणि गाव हाताशी राहतं. तुम्हीही ऐकताना आधी गाव आणि वेळ पकडा. वजा चिन्हही असंच फसवं. '१०-१५' मधली रेघ यंत्राने वजाबाकी समजून वाचली तर अर्थच उलटतो, त्यामुळे मजकुरात ती रेघ ठेवायचीच नाही, 'ते' लिहायचं. लांबीचंही गणित आहे. सरकारी इशारा दोन मिनिटांपेक्षा लांब असेल तर टीव्ही-रेडिओ केंद्रं पुढचं कापतात. मिनिटाला १६० शब्दांच्या वेगाने दोन मिनिटांत ३२० शब्द बसतात. लिहिणाऱ्याने पहिल्या ४० शब्दांत कुठे, काय आणि कधीपर्यंत हे संपवलं पाहिजे.

अशा सूचना उद्या मराठीत बोलवायच्या झाल्या, सामुदायिक रेडिओवर म्हणा किंवा फोनवर, तर काय आडवं येईल? नेमकं हेच, फक्त जागा वेगळ्या. आपल्या च आणि ज ला दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपी ते दाखवत नाही. जळगाव, जालना, चाळीसगाव एका तऱ्हेचे. चिपळूण, चंद्रपूर, जेजुरी दुसऱ्या. हिंदीवर तयार केलेला आवाज जळगावचा ज 'जीवन'मधल्या ज सारखा म्हणेल आणि खानदेशातल्या माणसाला तो लगेच परका वाटेल. 'विजांचा' आणि 'विजेचा' यांतला ज सुद्धा एक नाही. 'ता.' म्हणजे तारीख की तालुका, हे आपलं 'एफटी'. खेड तालुका पुण्यातही आहे आणि रत्नागिरीतही, कर्जत रायगडात आणि अहिल्यानगरात. जिल्हा आधी बोलल्याशिवाय तालुक्याचं नाव बोलूच नये. वेळेचं तर विचारू नका. २:३० ला 'दोन वाजून तीस मिनिटं' म्हणणारा आवाज समजतो खरा, पण घाईत कान 'अडीच' शोधत असतो. १२:४५ ला 'पाऊण' म्हणायचं की नाही, यावर मात्र माझं मत 'नाही' असं आहे. तरुण पिढीत तो शब्द सगळ्यांना चटकन कळत नाही. अतिमुसळधार पावसाची हवामान खात्याची ११५.६ मिलिमीटर ही सीमा बोलताना 'एकशे पंधरा पूर्णांक सहा' म्हणण्यापेक्षा 'एकशे पंधरा मिलिमीटरहून जास्त' म्हणावं. दशांश वाचणाऱ्यासाठी असतो.

आजचे न्यूरल आवाज, म्हणजे खऱ्या बोलण्याचे ढीगभर नमुने ऐकून संगणक स्वतःच बोलायला शिकतो ते आवाज, इतके गोड असताना ते इथे का नकोत, असंही विचारलं जातं. नकोत असं नाही, पण त्यांचा दोष वेगळ्या जातीचा आहे. जुना आवाज चुकला तरी शब्द गाळत नाही. न्यूरल पद्धतीतले काही आवाज लांब यादी किंवा ओळीने आकडे आले, की एखादा शब्द गिळतात किंवा दोनदा म्हणतात, आणि तेही इतक्या सफाईने, की ऐकणाऱ्याला शंका येत नाही. आठ काउंट्यांच्या यादीतून एक गाळली गेली तर ती चूक उच्चाराच्या चुकीपेक्षा किती तरी वाईट. तसा आवाज लावायचाच असेल, तर बोललेलं पुन्हा यंत्राकडूनच ऐकवून मूळ मजकुराशी ताडायचं आणि फरक निघाला तर जुन्या आवाजावर परत यायचं, एवढी व्यवस्था आधी हवी. बाकी गोडव्याला माझ्या लेखी फार किंमत नाही. स्पीकरपर्यंत पोहोचेतो तो उरतही नाही. कार्यालयापासून ट्रान्समीटरपर्यंतची वाट पुष्कळ ठिकाणी टेलिफोनच्या दर्जाची, साधारण ३,४०० हर्ट्झपर्यंतची. 'स' आणि 'फ' यांचा बराचसा जोर त्याच्या वर असतो, तो वाटेतच कापला जातो.

आता तुमच्या घरातला रेडिओ. आवाज तुटतो म्हणता, तर आधी दोष कुठला ते ओळखा. नेहमीचा कार्यक्रम काही मिनिटांत फिरून पुन्हा लागतो. प्रत्येक फेरीत त्याच शब्दावर अडखळत असेल तर दोष मजकुराचा किंवा आवाजाचा. दर वेळी वेगळ्या जागी तुटत असेल तर तुमच्याकडे संकेत, म्हणजे सिग्नल, कमजोर येतो आहे. बोलणं बंद आणि खरखरही नाही, अशी स्वच्छ शांतता असेल तर ट्रान्समीटर चालू आहे पण त्याला कार्यालयाकडून आवाज मिळत नाही. नुसती खरखर असेल तर ट्रान्समीटर बंद आहे किंवा तुमच्यापर्यंत पोहोचत नाही.

संकेत कमजोर असेल तर रेडिओ खिडकीशी न्या, एलईडी दिवे आणि राउटरपासून दूर ठेवा. अँटेना उभी ठेवा, आडवी नाही. ट्रान्समीटरची लहर उभी असते. या वारंवारतेला लहरीच्या पाव लांबीची अँटेना ४४ ते ४६ सेंटिमीटर होते, त्याहून जास्त ओढून काही मिळत नाही. आसरा घ्यायची खोली आत किंवा तळघरात असेल तर तिथे रेडिओ नेऊन एकदा पाहा. बहुतेक घरांत तिथेच संकेत मरतो, आणि मग बाहेरच्या अँटेनाची वायर आत घ्यावी लागते.

वारंवारता निवडताना सर्वात मोठा आवाज ज्यावर येतो ती घ्यायची, ही नेहमीची चूक. तो ट्रान्समीटर तुमच्या काउंटीचे इशारे देतो का, ते हवामान सेवेच्या यादीत पाहून मगच वारंवारता लावा. नाहीतर रेडिओ खणखणीत बोलेल आणि तुमच्या इशाऱ्याला गप्प बसेल. रेडिओत काउंटीचे आकडे भरताना आपली काउंटी तर घालाच, शिवाय पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची शेजारीणही घाला, कारण तिथली वादळं बहुधा त्या बाजूने येतात. कॉलिनमध्ये राहत असाल तर ०४८०८५ च्या जोडीला डॅलसचा ०४८११३, डेंटनचा ०४८१२१ आणि टॅरंटचा ०४८४३९. सगळ्या काउंट्या चालू ठेवू नका. रात्री तीनदा दुसऱ्याच्या इशाऱ्याने उठवलं, की चौथ्या रात्री कोणीतरी प्लग काढतो. बॅटरी घालून ठेवा आणि वसंत ऋतूच्या आधी बदला. दर आठवड्याची चाचणी बहुतेक ठिकाणी बुधवारी दुपारच्या आत होते. त्या वेळी घरी असाल तर रेडिओ बोलतो का ते बघा.

आणि चुकीच्या उच्चाराबद्दल कार्यालयाला कळवा. ते लोक वाचतात आणि कोशातली एक नोंद बदलायला मिनिटं लागतात. 'आवाज खराब आहे' असं लिहून उपयोग नाही. ट्रान्समीटरचं नाव किंवा वारंवारता, तारीख आणि वेळ, नेमका शब्द त्याच्या स्पेलिंगसकट, तो कसा ऐकू आला आणि गावातली माणसं तो कसा म्हणतात, एवढं चार ओळींत द्या. कुठल्या वाक्यात आला तेही लिहा, कारण तोच शब्द रोजच्या अंदाजात बरोबर आणि इशाऱ्यात चूक येत असेल, तर दोष कोशात नसून इशाऱ्याच्या साच्यात आहे आणि तो साचा दुरुस्त करणारा माणूस वेगळा असतो.